माहिती तंत्रज्ञानातील व्यावसायिक प्रमाणपत्रे

माहिती तंत्रज्ञानातील व्यावसायिक प्रमाणपत्रे म्हणजे संगणक, नेटवर्क, क्लाउड, डेटाबेस, माहिती सुरक्षा यांसारख्या क्षेत्रांतील विशिष्ट काम करण्याची पात्रता एखाद्या व्यक्तीकडे आहे, असे परीक्षा घेऊन सांगणारी प्रमाणपत्रे होत. ती सामान्यतः विद्यापीठे देत नाहीत. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट, ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस यांसारख्या उत्पादक कंपन्या किंवा आयएससी-टू, आयसाका यांसारख्या व्यावसायिक संघटना ती देतात. डॉक्टरांची नोंदणी किंवा वकिलांची सनद ही जशी त्या व्यवसायाची कायदेशीर अट असते, तशी ही प्रमाणपत्रे नसतात. त्यांच्याविना प्रोग्रामर किंवा नेटवर्क अभियंता म्हणून काम करण्यास कायद्याची आडकाठी नाही. त्यामुळे त्यांचे मोल ती पाहणाऱ्याच्या विश्वासावर अवलंबून राहते, आणि हा विश्वास मुख्यतः परीक्षा कशी घेतली जाते यावरून ठरतो.

संज्ञा

मराठीत ‘प्रमाणपत्र’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एखादा अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल प्रशिक्षण संस्था जे देते ते प्रमाणपत्र. अल्पमुदतीच्या शिक्षणक्रमानंतर पदवी-पदविकेच्या खालच्या पायरीवर मिळते तेही प्रमाणपत्र. आणि शिकवणाऱ्याशी संबंध नसलेल्या परीक्षकाने कौशल्य तपासून दिलेली ग्वाही, तीही प्रमाणपत्रच. प्रस्तुत लेखाचा विषय तिसरा प्रकार हा आहे. उमेदवार कोठे शिकला, किती दिवस शिकला, किंबहुना कोणाकडे शिकला की नाही, याची चौकशी या प्रकारात बहुधा होत नाही. घरी पुस्तक वाचून आलेला आणि महागड्या क्लासला गेलेला असे दोघेही एकाच परीक्षेस बसतात.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. प्रशिक्षण वर्गाच्या जाहिरातीत ‘प्रमाणपत्र मिळेल’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते पुष्कळदा पहिल्या प्रकारचे, म्हणजे त्या वर्गाने स्वतः छापलेले असते. वाचणारा मात्र ते तिसऱ्या प्रकारचे समजून शुल्क भरतो. परीक्षा कोण घेणार, एवढे विचारले की उलगडा होतो.

महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेले एमएस-सीआयटी हे प्रमाणपत्र या लेखाच्या कक्षेत येत नाही. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड या संस्थेचा तो संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी त्याची अट असल्याने त्याला मोठे महत्त्व आले. परंतु संगणक वापरता येणे आणि संगणकाच्या क्षेत्रात व्यवसाय करता येणे या दोन वेगळ्या पात्रता आहेत. तसेच पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचा ‘डॅक’ म्हणून ओळखला जाणारा प्रगत संगणनाचा शिक्षणक्रम ही पदव्युत्तर पदविका आहे, व्यावसायिक प्रमाणपत्र नव्हे.

इतिहास

संगणकाच्या व्यवसायातील आरंभीच्या प्रमाणपत्रांपैकी एक म्हणजे ‘सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग’. अमेरिकेतील डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन या संघटनेने ते १९६२ साली सुरू केले. पुढे १९७८ साली, संगणकप्रणालींचे लेखापरीक्षण करणाऱ्यांसाठी ‘सीसा’ हे प्रमाणपत्र आले. ते देणारी संघटना आज आयसाका या नावाने ओळखली जाते. ही दोन्ही प्रमाणपत्रे व्यावसायिकांनी आपल्या व्यवसायाला प्रतिष्ठा यावी म्हणून निर्माण केली होती. कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राशी त्यांचा संबंध नव्हता.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस चित्र बदलले. नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ही प्रणाली कार्यालयांतील संगणक एकमेकांना जोडण्यासाठी सर्वत्र विकली जाऊ लागली. पण ती बसवून देणारे आणि बिघडल्यास दुरुस्त करणारे तंत्रज्ञ पुरेसे नव्हते. कंपनीने ‘सीएनई’ हे प्रमाणपत्र काढून ही उणीव भरून काढली. उत्पादन विकणाऱ्यानेच ते हाताळणारी माणसे तयार करावीत आणि त्यांच्यावर शिक्काही आपणच मारावा, ही रीत येथून रूढ झाली. तिची दुसरी बाजूही लवकरच दिसली. परीक्षा उत्तीर्ण, पण सर्व्हरला कधी हात न लावलेल्यांची संख्या वाढली आणि त्यांना ‘पेपर सीएनई’, म्हणजे कागदी अभियंते, असे कुत्सितपणे म्हटले जाऊ लागले. नॉव्हेलचा व्यवसाय पुढे ओसरला. ‘कागदी’ हे विशेषण मात्र प्रत्येक नव्या प्रमाणपत्राच्या वाट्याला आले आहे.

मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रे १९९२ साली सुरू झाली. १९९३ साली कॉम्पटिया या संघटनेचे ‘ए प्लस’ आले. संगणकाची जोडणी व दुरुस्ती करणाऱ्यांसाठी असलेले हे प्रमाणपत्र कोणत्याही एका उत्पादकाशी बांधलेले नाही. त्याच वर्षी सिस्कोने ‘सीसीआयई’ हे नेटवर्क क्षेत्रातील अत्युच्च पातळीचे प्रमाणपत्र सुरू केले. सीसीआयई मिळालेल्या प्रत्येकाला एक अनुक्रमांक मिळतो व तो आयुष्यभर त्याचाच राहतो. या क्रमांकांचा आरंभ एकपासून न होता १०२४ पासून होतो, कारण दोनाचा दहावा घात १०२४ आहे. हा पहिला क्रमांक कोणा व्यक्तीला न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच देण्यात आला होता. सिस्कोबाहेरची पहिली सीसीआयई व्यक्ती टेरी स्लॅटरी. त्यांचा क्रमांक १०२६ आहे.

सीसीआयईच्या खालच्या पातळीवरचे ‘सीसीएनए’ १९९८ साली आले आणि नव्याने पदवीधर झालेल्यांचे नेटवर्क क्षेत्रातील प्रवेशद्वार ठरले. लिनक्ससाठी रेड हॅटचे ‘आरएचसीई’ १९९९ पासून मिळू लागले. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने २०१३ साली क्लाउडची प्रमाणपत्रे सुरू केली. स्वतःचे सर्व्हर बाळगण्याऐवजी ते भाड्याने घेण्याकडे उद्योगांचा कल झाल्यावर प्रमाणपत्रांचाही गुरुत्वमध्य सरकला. मायक्रोसॉफ्टने २०१८ पासून उत्पादनानुसार असलेली प्रमाणपत्रे बाजूला ठेवून भूमिकेनुसार (प्रशासक, विकासक, सुरक्षा अभियंता इत्यादी) नवी मांडणी केली, आणि एके काळी अत्यंत मानाचे असलेले ‘एमसीएसई’ ३१ जानेवारी २०२१ रोजी निवृत्त केले.

परीक्षेचे स्वरूप

सर्वाधिक परीक्षा बहुपर्यायी असतात. उदाहरणार्थ, ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट या परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न सोडवावे लागतात. त्यांपैकी १५ प्रश्नांना गुणच नसतात; ते पुढील परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले असतात व कोणते ते परीक्षार्थीला सांगितले जात नाही. उत्तीर्णतेसाठी १००० पैकी ७२० गुण लागतात. हे गुण थेट बेरजेचे नसून, निरनिराळ्या प्रश्नसंचांची काठिण्यपातळी समान धरता यावी म्हणून मापनश्रेणीवर बसवलेले असतात. त्यामुळे ७२० म्हणजे ७२ टक्के प्रश्न बरोबर, असा हिशेब करता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

‘आधी येणारे प्रश्न सोडवावेत, न येणारे शेवटी पाहावेत’ ही शाळेपासून अंगवळणी पडलेली रीत सर्वत्र चालत नाही. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेत पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परतता येत नाही. आयएससी-टूच्या ‘सीआयएसएसपी’ या माहिती सुरक्षेच्या परीक्षेतही परतता येत नाही. शिवाय ती उत्तरांनुसार बदलत जाणारी परीक्षा आहे. दिलेल्या उत्तराप्रमाणे संगणक पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवतो आणि उमेदवाराच्या योग्यतेविषयी पुरेशी खात्री पटताच परीक्षा थांबवतो. प्रश्नांची संख्या १०० ते १५० यांच्या दरम्यान कोठेही संपू शकते. परीक्षा अचानक बंद पडली म्हणून हादरलेला उमेदवार प्रत्यक्षात उत्तीर्ण झालेला असू शकतो.

प्रात्यक्षिक परीक्षा हा प्रकार मुळातच वेगळा आहे. रेड हॅटच्या ‘आरएचसीएसए’ परीक्षेत एकही बहुपर्यायी प्रश्न नसतो. उमेदवारासमोर चालू लिनक्स प्रणाली ठेवली जाते व वापरकर्ते निर्माण करणे, साठवणूक वाढवणे, विसरलेला परवलीचा शब्द बदलणे, सुरक्षेच्या मर्यादा लावणे यांसारखी कामे करावयास सांगितली जातात. गुण आज्ञांना नव्हे तर परिणामाला मिळतात, आणि प्रणाली बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही तो परिणाम टिकला पाहिजे. काम तर केले, पण ते कायमस्वरूपी नोंदवावयाचे राहिले, अशाने केलेल्या श्रमाचे गुण हातचे जातात. कार्यालयातील सर्व्हर रात्री वीज जाऊन पुन्हा सुरू झाल्यावर नेमके हेच घडत असल्याने ही अट अवाजवी म्हणता येत नाही. ३०० पैकी २१० गुण उत्तीर्णतेसाठी लागतात.

कुबरनेटीस या प्रणालीच्या प्रशासकांसाठी असलेली ‘सीकेए’ ही दोन तासांची परीक्षाही प्रात्यक्षिकच आहे. तिच्यात अधिकृत दस्तऐवज उघडून पाहण्याची मुभा असते. पाठांतर मोजायचेच नाही, असे ठरवल्यावर पुस्तक बंद ठेवण्याचे कारण उरत नाही. सीसीआयईची प्रयोगशाळा परीक्षा पूर्वी दोन दिवसांची होती. २००१ पासून ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. सहनशक्तीचा कस सर्वांत अधिक लावणारी म्हणून ‘ओएससीपी’ या परीक्षेचा उल्लेख होतो. प्रणालींतील सुरक्षेच्या फटी शोधून त्यांत अधिकृतपणे शिरकाव करण्याची ही परीक्षा २३ तास ४५ मिनिटे चालते, व त्यानंतरच्या २४ तासांत केलेल्या कामाचा लेखी अहवाल द्यावा लागतो. अहवाल अपुरा असेल तर केलेला शिरकाव फुकट जातो. लिहिता येणे हेही अभियंत्याचे काम आहे, ही गोष्ट या परीक्षेने मान्य केली आहे.

अनुभवाची अट

पाकिस्तानातील अर्फा करीम या मुलीने २००४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, मायक्रोसॉफ्टची व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण केली आणि त्या काळची ती सर्वांत लहान प्रमाणपत्रधारक ठरली. २०१२ साली, अवघ्या सोळाव्या वर्षी तिचे निधन झाले. तिची असामान्य बुद्धिमत्ता वादातीत आहे. पण ज्ञानाची परीक्षा आणि जबाबदारी पेलण्याची पात्रता यांतले अंतरही या उदाहरणातून दिसते. काही प्रमाणपत्रांत हे अंतर अनुभवाच्या अटीने भरून काढलेले असते. सीआयएसएसपीसाठी आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांतला एकूण पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदवी किंवा मान्यताप्राप्त अन्य प्रमाणपत्र असल्यास एका वर्षाची सूट मिळते. अनुभवाच्या दाव्याला आधीच्या प्रमाणपत्रधारकाने दुजोरा द्यावा लागतो. अनुभव नसतानाही परीक्षा देता येते. मात्र उत्तीर्ण झाल्यावर ‘असोसिएट’ एवढाच दर्जा मिळतो.

परीक्षा केंद्र, ओळख आणि भाषा

परीक्षा घेण्याचे काम बहुतेक कंपन्या स्वतः करत नाहीत. पिअर्सन व्ह्यू, प्रोमेट्रिक यांसारख्या संस्थांकडे ते सोपवलेले असते. त्यांची केंद्रे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. घरून परीक्षा देण्याची सोयही अनेक परीक्षांना आहे, पण तिच्या अटी कडक असतात. खोलीचे चारही बाजूंनी छायाचित्र द्यावे लागते, मेज रिकामे असावे लागते, आणि परीक्षा चालू असताना खोलीत अन्य कोणी आल्यास परीक्षा रद्द होऊ शकते. प्रश्न पुटपुटत वाचणेही चालत नाही. ज्या घरात स्वतंत्र खोली मिळणे दुरापास्त आहे किंवा विजेचा भरवसा नाही, तेथील विद्यार्थ्याला प्रवासखर्च सोसूनही केंद्र अधिक सोयीचे पडते.

मराठी उमेदवारांना नडणारी एक किरकोळ वाटणारी बाब म्हणजे नाव. नोंदणीतील नाव व आडनाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळावे लागते. एका कागदपत्रावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये, तिसऱ्यावर केवळ आद्याक्षरे, अशी आपल्याकडची रीत असल्यामुळे नोंदणी करतानाच हा ताळमेळ घालणे आवश्यक ठरते. जुळणी न झाल्यास परीक्षेला बसू दिले जात नाही आणि भरलेले शुल्कही बहुधा बुडते.

प्रमुख कंपन्यांच्या या परीक्षा मराठीत होत नाहीत; जपानी, चिनी, स्पॅनिश अशा मोजक्या भाषा वगळता इंग्रजीशिवाय गत्यंतर नसते. मात्र इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या परीक्षेत ३० मिनिटे अधिक मिळू शकतात. ही सवलत आपोआप मिळत नाही, परीक्षेची नोंदणी करण्यापूर्वी ती मागावी लागते. एकदा मंजूर झाली की पुढील परीक्षांनाही लागू राहते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ती मागण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लांबलचक प्रसंगवर्णने वाचून उत्तर निवडण्याच्या परीक्षेत अर्धा तास थोडा नसतो.

शुल्क, मुदत आणि नूतनीकरण

सीसीएनएचे शुल्क ३०० अमेरिकी डॉलर, तर ॲमेझॉनच्या असोसिएट पातळीवरील परीक्षांचे १५० डॉलर असते. स्थानिक कर वेगळे. अनुत्तीर्ण झाल्यास पूर्ण शुल्क पुन्हा भरावे लागते. लगेच बसताही येत नाही: ॲमेझॉनसाठी १४ दिवस थांबावे लागते, तर मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेस पहिल्या अपयशानंतर २४ तासांनी पुन्हा बसता येते. सवलतीचे काही मार्ग आहेत. सिस्कोची नेटवर्किंग अकादमी १९९७ पासून महाविद्यालयांच्या सहकार्याने चालते व पात्र विद्यार्थ्यांना शुल्कात सूट देते. ॲमेझॉनची एक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढील परीक्षेवर ५० टक्के सवलत मिळते.

कॉम्पटियाचे ए प्लस पूर्वी तहहयात वैध असे. १ जानेवारी २०११ पासून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना तीन वर्षांची मुदत लागू झाली; त्याआधीची तहहयातच राहिली. सिस्को, रेड हॅट आणि ॲमेझॉन यांचीही मुदत तीन वर्षांची आहे. सीकेएची मुदत एप्रिल २०२४ पासून तीनवरून दोन वर्षांवर आणली गेली. मायक्रोसॉफ्टची भूमिकाधारित प्रमाणपत्रे दरवर्षी नूतनीकृत करावी लागतात, परंतु त्यासाठीची ऑनलाइन चाचणी विनाशुल्क असते. सीआयएसएसपीधारकाला तीन वर्षांत १२० तासांच्या सतत-शिक्षणाची नोंद दाखवावी लागते.

तंत्रज्ञान बदलत असल्याने मुदत हवीच, असे समर्थन केले जाते. ते खरे असले तरी नूतनीकरण हे उत्पन्नाचे साधनही आहे, आणि ते विनामूल्य ठेवूनही काम भागते हे मायक्रोसॉफ्टच्या उदाहरणावरून दिसते.

नोकरीतील उपयोग

उमेदवाराची खरी कुवत मालकाला नेमणुकीपूर्वी दिसत नाही, म्हणून तो दृश्य खुणांवर विसंबतो, हा विचार अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडला. २००१ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. खूण उपयोगी पडण्यासाठी ती मिळवणे अपात्र व्यक्तीला अधिक कठीण असावे लागते. प्रमाणपत्रांना हे सूत्र लावले, तर घोकंपट्टीने मिळणाऱ्या प्रमाणपत्राची किंमत घसरते आणि प्रात्यक्षिकाची टिकते, याचा उलगडा होतो.

मागणीचे दुसरे कारण कमी परिचित आहे. उत्पादक कंपन्या आपल्या भागीदार सेवा-कंपन्यांना श्रेणी देतात, आणि वरच्या श्रेणीसाठी त्या भागीदाराकडे ठरावीक संख्येने प्रमाणपत्रधारक कर्मचारी असावे लागतात. सेवा-कंपन्या कर्मचाऱ्यांचे परीक्षाशुल्क भरून देतात त्यामागे त्यांच्या प्रगतीइतकीच ही गरजही असते. तेव्हा नोकरीत असलेल्याने स्वतःच्या खिशातून शुल्क भरण्यापूर्वी कंपनीत विचारणा करणे श्रेयस्कर. काही ठिकाणी नियमांनीच अट घातलेली असते: अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ पासून माहिती सुरक्षेच्या पदांसाठी ठरावीक प्रमाणपत्रे आवश्यक केली, आणि सिक्युरिटी प्लससारख्या प्रमाणपत्रांचा प्रसार होण्यास हे मोठे कारण झाले.

नवपदवीधराच्या बाबतीत प्रमाणपत्राने मुलाखतीचे दार उघडते, नेमणूक मुलाखतीतच ठरते. दहा वर्षे काम केलेल्या प्रोग्रामरला त्याचा उपयोग फारसा नसतो. तोच माणूस नेटवर्ककडून क्लाउडकडे वळू पाहत असेल तर मात्र पुन्हा होतो. शुद्ध प्रोग्रामिंगमध्ये प्रमाणपत्रांना पहिल्यापासून दुय्यम स्थान आहे, कारण तेथे लिहिलेला प्रोग्रामच दाखवता येतो.

गैरप्रकार आणि पडताळणी

प्रत्यक्ष परीक्षेतील प्रश्न चोरून, उत्तरांसह विकले जातात. अशा संचाला ‘डम्प’ म्हणतात. परीक्षेपूर्वी प्रत्येक उमेदवार गोपनीयतेचा करार मान्य करत असल्याने डम्प पुरवणे हा करारभंग होतो, आणि ते वापरल्याचे आढळल्यास प्रमाणपत्र रद्द होऊन पुढील परीक्षांना बंदी येऊ शकते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे प्रश्न संकेतस्थळावरून विकणाऱ्या एका व्यक्तीने २००२ साली व्यापारी गुपिते चोरल्याचा गुन्हा कबूल केला. तिला तुरुंगवास झाला. तोतया परीक्षार्थी बसवण्याचे प्रकारही होतात, आणि केंद्रावर छायाचित्र व स्वाक्षरी घेतली जाते ती त्यासाठीच. सरावासाठी रचलेले प्रश्न आणि चोरलेले प्रश्न यांतील फरक विद्यार्थ्यांना पुष्कळदा सांगितलाच जात नाही. काही वर्गांतून तर डम्प हेच अभ्याससाहित्य म्हणून वाटले जाते. त्याची झळ विक्रेत्याला बसत नाही, ज्याच्या नावावर ती बंदी नोंदली जाते त्याला बसते.

छापील प्रतीला आता फारसे महत्त्व उरलेले नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर धारकाला एक अंकीय बिल्ला किंवा पडताळणी क्रमांक मिळतो, आणि मालक तो देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासतो.

भारतीय प्रमाणपत्रे

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने १९९० साली डोएक योजना सुरू केली. खासगी संगणक वर्गांचे पेव फुटलेले असताना त्यांत शिकलेल्यांची एका समान मापाने परीक्षा घ्यावी, हा तिचा गाभा होता. ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा चार पातळ्या ठरवण्यात आल्या. ‘ओ’ पातळी पायाभूत अभ्यासक्रमाची, तर ‘बी’ पातळी एमसीएच्या तोडीची मानली गेली. मान्यताप्राप्त वर्गात न जाता स्वतंत्रपणे परीक्षा देण्याचीही तीत सोय होती. ही संस्था २०११ पासून राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी एवं सूचना प्रौद्योगिकी संस्थान, अर्थात नायलिट, या नावाने ओळखली जाते. सरकारी नोकरभरतीत ‘ओ’ पातळी आजही ग्राह्य धरली जाते. खासगी कंपन्यांत तिची विचारणा क्वचित होते.

आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटेल’ या उपक्रमात प्रोग्रामिंग, डेटाबेस, नेटवर्क इत्यादी विषयांचे अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यासच शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत साप्ताहिक स्वाध्यायांचा वाटा सामान्यतः २५ टक्के व परीक्षेचा ७५ टक्के असतो. शिकवणारा आणि परीक्षक एकच असल्यामुळे काटेकोर अर्थाने हे व्यावसायिक प्रमाणपत्र नव्हे. तरी परीक्षा पर्यवेक्षकासमोर होत असल्याने, घरबसल्या मिळणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा त्याला अधिक वजन आहे.